सायकलला सलाईन लावण्याआधी

आमच्या व्यवसायात एक प्रसंग रोजचा आहे. रुग्ण खुर्चीत बसतो आणि नाडी दाखवायच्या आधीच म्हणतो, "डॉक्टर, एक सलाईन लावून टाका. अंगात ताकदच राहिली नाही." मी त्याला जेवण विचारतो, झोप विचारतो, पापणी खाली ओढून रक्त कमी आहे का ते पाहतो. दहातल्या आठ जणांना सलाईनची गरज नसते. त्या बाटलीत मीठ किंवा साखरेच्या पाण्यापलीकडे फारसे काही नाही, हे मी सांगतोही. पण बाटली टांगलेली दिसते, थेंब थेंब पडताना दिसते, तिचे पैसे मोजावे लागतात. त्यामुळे काहीतरी भारी उपचार झाल्याचे समाधान मिळते. साध्या लोहाच्या गोळ्या आणि दोन वेळची भाजी-भाकरी यांना तो मान नाही.

सत्तावीस वर्षे मी या हट्टाला हसत आलो. गेल्या वर्षी मात्र मी स्वतःच माझ्या सायकलला सलाईन लावायला निघालो होतो. तीच हकिगत आज सांगतो. कारण आपल्या साताऱ्यात आता सकाळी सहा वाजता यवतेश्वरच्या घाटात गिअरच्या सायकली दिसू लागल्या आहेत, आणि त्यांच्यामागोमाग माझ्या दवाखान्यात एक नवा प्रश्न येऊ लागला आहे : "डॉक्टर, गुडघा दुखतो, सायकल जड जाते. भारीतले पार्ट टाकून घेऊ का?"

माझी तक्रार आणि माझे कोटेशन

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी माझे वजन ८२ किलो होते, रक्तदाब १४८/९४ आणि साखर काठावर. दुसऱ्यांना चालायला सांगणारा मी स्वतः दवाखान्यासमोरच्या पानाच्या दुकानापर्यंतही स्कूटर काढत असे. मग एक साधी रोड सायकल घेतली. म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची. मागे नऊ दात्याची चक्रे, पुढे दोन. पहिले सहा महिने लोकांनी चेष्टा केली, नंतर सवय झाली. चौदा महिन्यांत वजन ७४ वर आले. साखर आणि रक्तदाब आटोक्यात आले.

इथपर्यंत सगळे ठीक. चौथ्या वर्षी कुरकुर सुरू झाली. घाटात गिअर टाकला की चेन एकदम पडत नसे, मध्येच खटकन उडी मारायची. उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखू लागले. आणि खरे सांगायचे तर, माझ्याहून तरुण मंडळी मला मागे टाकून जाऊ लागली, हेही दुखू लागले.

अशा वेळी माणूस स्वतःला सोडून सगळ्यांना दोष देतो. मी सायकलला दिला. माझ्या सायकलवर शिमानो या जपानी कंपनीचा 'सोरा' नावाचा संच होता. गिअर बदलायची कळ, डिरेलर, चेन, चक्रे, ब्रेक या सगळ्याला मिळून 'ग्रुपसेट' म्हणतात. या संचांची उतरंड असते. माझ्या वेळी क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा आणि सर्वांत वर ड्युरा-एस अशी ती होती. 'साहेब, निदान १०५ तरी हवा,' असे मला सांगण्यात आले. किंमत ५२ हजार. नंतर लक्षात आले की त्या वेळच्या १०५ ला मागे अकरा चक्रे असत आणि माझ्या मागच्या चाकाचा हब नऊ-दहा चक्रांपुरताच रुंद आहे. म्हणजे चाकेही बदलायची. त्याचे १४ हजार. एकूण ६६ हजारांचे कोटेशन खिशात घालून मी घरी आलो.

सौ.ने कागद पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "हे टाकल्यावर घाट किती मिनिटांनी लवकर चढाल?"

मला उत्तर देता येईना.

हिशेब

त्या रात्री पेशंट संपल्यावर मी कागद-पेन घेऊन बसलो. अकरावी-बारावीचे पदार्थविज्ञान इतके दिवसांनी कामी आले.

घाट चढताना आपली बहुतेक ताकद एकूण वजन वर उचलण्यात खर्च होते. एकूण वजन म्हणजे मी, सायकल आणि पाण्याची बाटली. माझ्या बाबतीत ते सुमारे ८५ किलो भरले. नव्या संचामुळे कमी होणार होते साधारण अर्धा किलो. ८५ मध्ये अर्धा म्हणजे जेमतेम ०.६ टक्के. तासाभराच्या चढाला वाचणार किती? २१ सेकंद. ६६ हजारांना २१ ने भागले तर एका सेकंदाला तीन हजारांहून अधिक रुपये पडतात. माझी तपासणी फी ऐकून कुरकुर करणाऱ्या मंडळींनी हा दर जरूर ध्यानात ठेवावा.

आता दुसरी बाजू. पहिल्या चौदा महिन्यांत माझ्या पोटावरचे आठ किलो गेले. पायातली ताकद तेवढीच धरली, तरी ९३ किलोमधून ८ किलो गेल्याने तासाच्या चढाला जवळजवळ पाच मिनिटे वाचली. त्यासाठी मी दिले काय? संध्याकाळची भजी आणि चहातली साखर.

सपाट रस्त्यावरचे गणित वेगळे. तिथे वजनाला फारसे महत्त्व नसते, शत्रू असतो वारा. ताशी २५ किलोमीटरवरून ३० वर जायचे असेल, तर हवा कापण्यापुरती लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट होते. आणि हवेला अडवणारी मुख्य वस्तू सायकल नसून सायकलवर बसलेला माणूस असतो. एकूण अडथळ्याचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग आपल्या शरीराचा. म्हणून कोपरे थोडी वाकवून, अंग थोडे खाली घेऊन, फडफडणारा शर्ट सोडून अंगाबरोबरचा बनियनवजा टी-शर्ट घातला तर जो फायदा होतो, तो गिअरचा महागडा संच देऊ शकत नाही. संच बदलल्याने वाऱ्याला काही फरक पडत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेचा नियमच आहे की शर्यतीतील सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असता कामा नये. हा नियम २००० सालापासून आहे. म्हणजे जगातील सर्वांत वेगवान माणसांनाही एका मर्यादेपलीकडे वजन कमी करून मिळत नाही. पुढचे अंतर ते पायांनी कापतात.

पडलो तेव्हा कळले

इतका हिशेब करूनही माझे मन मानत नव्हते. कोटेशन आठ दिवस खिशात होते. मग एका रविवारी सकाळी कासकडून परत येताना, पाऊस नुकताच थांबलेला, घाटाच्या एका वळणावर मी ब्रेक दाबला आणि सायकल थांबलीच नाही. रिमवर रबर घासल्याचा आवाज आला, वेग मात्र तसाच. मी सरळ गटारात. कोपर आणि गुडघा सोलवटून निघाला, बाकी काही नाही. समोरून वाहन येत असते तर हा लेख दुसऱ्या कुणीतरी, वेगळ्या मथळ्याखाली लिहिला असता.

सायकल ढकलत खाली आणली आणि आमच्या पेठेतल्या जुन्या सायकल मिस्त्रींकडे टाकली. हे गृहस्थ चाळीस वर्षे पंक्चर काढत आणि चाकांचा आउट काढत आले आहेत. त्यांनी सायकल स्टँडवर टांगली, पायडल उलटे फिरवले, आणि मी पेशंट तपासतो त्या क्रमाने तपासत गेले. आधी पाहणे, मग हात लावणे, मग आवाज ऐकणे.

"डॉक्टर, ब्रेकची रबरं पहिल्या दिवसापासूनचीच आहेत ना? दगड झालाय त्यांचा." मग त्यांनी चेनवर लोखंडी पट्टी ठेवली. नव्या चेनच्या बारा जोड्या, पिनपासून पिनपर्यंत, बरोबर बारा इंच भरतात. एक सोळांश इंच वाढ झाली की चेन बदलायची वेळ आली असे समजायचे. माझी त्याच्या दुप्पट वाढली होती. झिजलेल्या चेनने मागचे दातेही खाल्ले होते, म्हणून ती उडी मारत होती. गिअरची वायर कव्हरमध्ये गंजलेली. आणि मागचा डिरेलर ज्या छोट्या पट्टीला लटकतो, ती पट्टी कधीतरी सायकल पडल्यामुळे किंचित वाकलेली.

थोडक्यात, 'सोरा' निकामी नव्हता. मीच चार वर्षांत त्याला औषध-पाणी केले नव्हते. रक्तदाबाची दहा रुपयांची गोळी चुकवून अँजिओप्लास्टीची चौकशी करणाऱ्या रुग्णासारखी माझी गत होती.

दुरुस्तीचा खर्च असा आला : चेन १,५००, मागची चक्रे २,२००, वायर आणि कव्हर ६००, ब्रेकची चांगल्या प्रतीची मऊ रबरे ९००, मजुरी ५००. एकूण ५,७०० रुपये. मिस्त्री ५०० मागायलाही संकोचत होते. ६६ हजारांचे कोटेशन मी त्यांच्या दुकानातल्या केराच्या डब्यात टाकले.

गुडघ्याचे काय?

गुडघ्याची गोष्ट स्वतंत्र सांगायला हवी, कारण ती माझ्या विषयातली आहे आणि तरीही मी चुकलो होतो.

सायकलवर गुडघा पुढून, वाटीभोवती दुखत असेल तर दोन कारणे आधी पाहावीत. एक, सीट खाली आहे का. दोन, जड गिअर रेटत हळूहळू पायडल मारता का. सीट फार वर असेल तर दुखणे गुडघ्याच्या मागच्या बाजूला येते आणि कंबर डावी-उजवीकडे हलते. सीटची उंची तपासायची सोपी रीत अशी : भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सर्वांत खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग नेहमीप्रमाणे चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्याला आपोआप थोडा बाक राहतो. तेवढाच हवा. माझी सीट दोन बोटे खाली होती. ती वर घ्यायला खर्च शून्य.

दुसरे कारण गिअरचे. माझ्या सायकलला मागे सर्वांत मोठे चक्र २८ दात्यांचे होते. मिस्त्रींनी ३२ दात्यांचे बसवले. पुढचे ३४ तसेच. यामुळे काय झाले? चढावर त्याच वेगाने जाताना जिथे मी मिनिटाला ६० वेळा पाय फिरवत होतो, तिथे आता ६९ वेळा फिरवतो. पण प्रत्येक पावलावरचा भार एक अष्टमांश कमी झाला. पायरी ठेंगणी केली की आजीलाही जिना चढता येतो, तसेच हे. एका तासाच्या घाटात पाय हजारो वेळा फिरतो. त्या प्रत्येक फेरीत गुडघ्याला आठवा हिस्सा सूट मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. सहा आठवड्यांत दुखणे गेले. एक सूचना : मोठे चक्र बसवण्यापूर्वी मागचा डिरेलर तेवढे दाते पेलतो का, हे विचारून घ्या. माझा पेलत होता. तुमचा नसेल तर तोही बदलावा लागेल, तरीही खर्च अख्ख्या संचाच्या जवळपासही जाणार नाही.

हेच तत्त्व हाताला आणि बैठकीला लागू आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांना मुंग्या येत असतील, तर तळहाताच्या त्या बाजूने जाणारी नस हँडलवर दाबली जात आहे. हाताची जागा वारंवार बदला, हँडलवर जाड पट्टी गुंडाळा, हातमोजे घाला. जांघेत बधिरपणा येत असेल तर लाजू नका, तो दुर्लक्ष करण्याचा विषय नाही. सीटचे नाक वर गेले आहे का पाहा, सीट तुमच्या बसण्याच्या हाडांच्या रुंदीची आहे का पाहा. सीट बदलण्यावर दोन-तीन हजार खर्च झाले तर ते सत्कारणी लागले असे मी म्हणेन. आणि एवढे करूनही बधिरपणा राहिला तर सायकल थांबवून डॉक्टरांना दाखवा.

माझे मत यातून असे बनले आहे : सायकलचा जो भाग तुमच्या शरीराला लागतो, आणि जो भाग रस्त्याला लागतो, त्यावर आधी पैसा घाला. सीट, हँडल, पायडल हे पहिले. ब्रेक आणि टायर हे दुसरे. मधल्या चकचकीत यंत्राचा नंबर शेवटी.

टायरबद्दल थोडे. पूर्वी समज होता की टायर जितका बारीक आणि हवा जितकी कडक तितकी सायकल पळते. हा समज आता मागे पडला आहे. खडबडीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खड्ड्याला उडतो, आणि ते उडणे म्हणजे वाया गेलेली ताकद आणि हादरलेले मणके. मोठ्या शर्यतींतले सायकलपटूही आता २३ मिलिमीटर सोडून २८ मिलिमीटरच्या आसपास आले आहेत. आपले रस्ते तुम्ही जाणताच. फ्रेममध्ये आणि ब्रेकमध्ये जागा असेल तर थोडा रुंद, चांगल्या प्रतीचा टायर आणि थोडी कमी हवा, हा बदल पैशाला जागतो. जोडीला सहा-सात हजार लागतील, पण फरक पहिल्याच फेरीत कंबरेला कळतो.

ठेवीची गोष्ट

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला, तो सांगतो. संबंधितांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एक गृहस्थ माझ्याकडे वीस वर्षे येतात. मी त्यांना अण्णा म्हणतो. टेम्पो चालवतात, पोती उचलतात. त्यांना हर्निया आहे. ऑपरेशन करून घ्या म्हणून मी दीड वर्ष मागे लागलो होतो. "पतसंस्थेतली ठेव मुदत संपून येऊ द्या, मग करू," असे ठरले होते.

ठेवीची मुदत संपल्यावर आठ दिवसांनी अण्णा आले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ऑपरेशन दिवाळीनंतर बघू. एक विचारायचं होतं. पोराला सायकलला कार्बनची चाकं हवीत. पंच्याऐंशी हजार म्हणतोय. त्याला खरंच फरक पडेल का हो?"

मुलगा एकोणीस वर्षांचा. सालस, कष्टाळू. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केलेला. त्याला आता तीनशेची करायची होती, वीस तासांच्या आत. त्याने कुणाकडून तरी ऐकले होते की अशा चाकांशिवाय ते जमत नाही.

मी अण्णांना विचारले, "पोराला ऑपरेशनचं माहीत आहे?"

"नाही. सांगू नका. बापाच्या दुखण्यानं पोराची हौस मारायची का?"

वाचकहो, इथे माझी अडचण झाली. रुग्णाचे गुपित मी फोडू शकत नाही. आणि गप्प बसलो तर हर्निया अडकल्यावर अपरात्री ऑपरेशन करायची वेळ येईल, हेही मला दिसत होते. मी अण्णांना एवढेच म्हणालो, "अण्णा, चाकांचा हिशेब मी तुम्हांला करून देतो. पण ठेवीचा हिशेब तुम्ही त्याला सांगा. तो लहान नाही. तीनशे किलोमीटर एकट्याने सायकल मारणाऱ्याला बापाचं दुखणं पेलेल."

आणि हिशेब करून दिला. घाटाच्या देशात कार्बनच्या रिमवर रबराचा ब्रेक लावून उतरणे हे मुळातच जपून करायचे काम आहे. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की कार्बनची रिम तापते, आणि फार तापली तर खराब होऊ शकते. ॲल्युमिनिअमची साधी रिम ती उष्णता चांगली सोसते. म्हणजे आपल्या भागात ही चाके वेग थोडा देतील, पण उतारावर काळजी वाढवतील. शिवाय वीस तासांच्या ब्रेव्हेत वेळ जातो तो चहाच्या टपरीवर, पंक्चरमध्ये आणि पोट बिघडल्यावर. दर चेकपॉइंटला दहा मिनिटे कमी थांबले तर जे वाचेल, त्यापुढे चाकांचा हिशेब कुठेच लागत नाही.

चार दिवसांनी मुलगा एकटाच आला. खुर्चीत बसला, बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "डॉक्टर काका, आण्णांचं ऑपरेशन या महिन्यात होईल का?" आणि उठता उठता, "टायर तरी बदलू ना?"

ऑपरेशन झाले. अण्णा तिसऱ्या दिवशी घरी आले. मुलाने टायर बदलले, सीट नीट केली, आणि जुन्याच चाकांवर तीनशे किलोमीटर पूर्ण केले, मुदतीला चाळीस मिनिटे राखून. सगळे गोड झाले असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर अजूनही त्या कार्बनच्या चाकांचाच फोटो आहे. असू दे. एकोणीसाव्या वर्षी एवढे तरी असावे.

अपवाद

भारी भाग घेणे नेहमीच वेडेपणा असतो, असे माझे म्हणणे नाही. काही अपवाद मला पटले आहेत.

माझ्या रुग्ण असलेल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. गिअरची कळ ढकलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. त्यांच्यासाठी बटण दाबताच गिअर बदलणारा, बॅटरीवरचा महाग संच हा चष्म्यासारखा आहे. तो त्यांनी पेन्शनमधून घेतला, आणि सायकल सुटली नाही. मी त्याला फालतू खर्च म्हणणार नाही.

जे खरोखर शर्यतीत उतरतात त्यांचा हिशेबही निराळा. २०१५ साली नाशिकच्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. दिवसच्या दिवस सायकल चालवणाऱ्याला अर्धा टक्काही मोलाचा असतो. पण त्यांनी आधी पाय कमावले, हे विसरू नये.

तिसरा अपवाद माझ्याच एका व्यवसायबंधूंचा. त्यांना मी हा सगळा हिशेब ऐकवला होता. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि दुसऱ्या दिवशी ६० हजारांचा संच बसवला. मी मनात म्हटले, दोन महिन्यांत सायकल गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामी येईल. आज दोन वर्षे झाली, ते आठवड्यातून चार दिवस माझ्या आधी घाटाच्या माथ्यावर असतात. सकाळी उठून ती लखलखीत सायकल पाहिली की निघावेसे वाटते, म्हणतात. इथे मी हरलो, हे कबूल करतो. हौस हेही एक औषध आहे. फक्त त्याचे बिल दुसऱ्याने भरू नये.

एक व्यावहारिक सल्लाही देतो. सगळाच संच बदलावासा वाटत असेल, तर आधी तुमची जुनी सायकल विकून वरच्या दर्जाची तयार सायकल घेण्याचा भाव काढा. कंपनीला भाग घाऊक दराने पडतात, आपल्याला सुटे भाग किरकोळ दराने. त्यामुळे स्वस्त सायकलीवर महाग संच चढवणे बहुधा अंगाला लागते. जुन्या रबरी ब्रेकच्या फ्रेमला डिस्क ब्रेक बसवता येत नाही, हेही ध्यानात असावे. तिथे सायकलच नवी लागते.

शेवटचे तीन प्रश्न

म्हणून कुणी दवाखान्यात विचारले की मी तीन प्रश्न विचारतो. जुना भाग झिजला आहे की फक्त जुना वाटतो? नव्या भागाने दुखणे किंवा धोका कमी होणार आहे का? आणि हे पैसे घरातल्या कोणाच्या गरजेतून तर येत नाहीत? पहिल्या दोन्हींपैकी एकाचे उत्तर 'हो' आणि तिसऱ्याचे 'नाही' असेल, तर खुशाल घ्या. निव्वळ हौस असेल तर हौस म्हणून घ्या, पण तिला आरोग्याचे नाव देऊ नका.

आरोग्याला लागते ते फार थोडे आहे. आठवड्यात दीडशे मिनिटे दम लागेल पण बोलता येईल इतका व्यायाम, धरणारे ब्रेक, डोक्यावर हेल्मेट, मागे लाल दिवा. चाळिशी उलटली असेल तर सुरुवातीला रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. चढावर छातीत दडपण आले, घाम फुटून गरगरले, तर तो चढ तिथेच सोडून द्यावा आणि थेट रुग्णालय गाठावे. हृदयाला पायडलची फेरी कळते, डिरेलरची कंपनी कळत नाही.

परवा त्या मिस्त्रींकडे हवा भरायला गेलो होतो. चेनवर पट्टी ठेवून म्हणाले, "अजून सहा महिने बघायला नको, डॉक्टर." मग आपला उजवा हात पुढे करून म्हणाले, "माझं बीपी बघता का जरा? बरेच दिवस राहिलंय." पाहिले, तर १६० च्या वर. दुसऱ्यांची चाके सरळ करता करता स्वतःकडे पाहायचे राहून गेले होते. दहा रुपयांची गोळी सुरू केली आहे. दर आठवड्याला ते माझी हवा पाहतात, मी त्यांचा दाब.